डोंगर, ओढा आणि आडोसा

बार्सिलोनाच्या कॅथेड्रलसमोर एक बाई डोंगर विकत होती. म्हणजे तिच्या पुढ्यातल्या खोक्यांत बुचाच्या जाडजूड साली होत्या. भेगाळलेल्या, वेड्यावाकड्या, काही हातभर लांब, काही तळहाताएवढ्या. पण गिऱ्हाइकं ज्या नजरेनं त्या न्याहाळत होती, ती नजर माझ्या ओळखीची होती. एका आजोबांनी साल उभी धरली, कडा झाला. आडवी केली, पठार झालं. पोकळ बाजू पुढे घेतली, गुहा झाली. त्यांनी शेजारच्या नातीला काहीतरी विचारलं, तिनं नाक मुरडलं, मग आजोबांनी ती साल ठेवून दुसरी उचलली.

मी भाचीला म्हटलं, "अगं, हे लोक किल्ला करतायत!"

"किल्ला नाही गं मावशी. पेसेब्रे म्हणतात त्याला. येशूच्या जन्माचा देखावा."

"तेच ते," मी म्हटलं.

भाची तिथे शिकायला आहे. डिसेंबरात तिच्याकडे गेले तेव्हा ख्रिसमसचा बाजार म्हणजे काय याची माझी कल्पना फोटोंवर बेतलेली होती: बर्फ, लाकडी टपऱ्या, वाफाळती वाइन, लाल टोप्या. बार्सिलोनात बर्फ नव्हताच. दुपारी स्वेटरवर भागत होतं आणि आभाळ आपल्या थंडीतल्यासारखं स्वच्छ निळं. टपऱ्या होत्या, पण त्यांत देण्याघेण्याच्या वस्तूंपेक्षा करण्याचं सामान जास्त. साली, शेवाळं, वाळू, खडी, गवताच्या पेंढ्या, नखाएवढे माठ, काडेपेटीएवढी घरं, ओढ्यात पाणी खेळवायला बारके पंप, शेकोटीत लुकलुकायला बारके दिवे. आमच्या लहानपणी साताऱ्याला किल्ल्यासाठी आम्ही गल्लीभर फिरून जे जमवायचो, ते सगळं इथे एकाच चौकात मांडलेलं होतं. फरक इतकाच की आम्ही चोरून आणायचो. बांधकामावरच्या विटा, भुसार दुकानातलं गोणपाट, आणि कारंज्यासाठी दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी.

बुचाच्या सालीबद्दल एक सांगायला हवं. पुण्यात आपण ज्याला बुचाचं झाड म्हणतो, ज्याच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांच्या वेण्या करतो, ते हे झाड नव्हे. हा कॉर्क ओक, म्हणजे बाटल्यांची बुचं ज्याची करतात तो. झाड न तोडता त्याची साल सोलून काढतात आणि पुन्हा जाड व्हायला नऊ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त थांबतात. बुचं करायला न चालणारी ओबडधोबड साल इथे डोंगर म्हणून खपते. मला हा हिशेब फार आवडला.

बाजाराचं नाव सांता ल्युसियाची जत्रा. मराठीत जत्राच म्हणावं, कारण मुळात ती देवीच्या, म्हणजे संतिणीच्या दिवसाभोवती भरायची. तिची सगळ्यात जुनी नोंद 1786 सालची आहे. त्या वर्षी आपल्याकडे सवाई माधवराव बारा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणीस बघत होते. हल्ली नोव्हेंबरअखेर टपऱ्या लागतात आणि 23 डिसेंबरला उठतात, पण संतिणीचा खरा दिवस 13 डिसेंबर. नेमक्या त्याच दिवशी आम्ही गेलो होतो. कॅथेड्रलच्या कुशीत तिचं एक छोटं, जुनं देऊळ आहे. त्याच्यापुढे रांग होती, बहुतेक म्हाताऱ्या बायका. सांता ल्युसिया डोळ्यांची रखवालदारीण. चित्रांत तिच्या हातात तबक असतं आणि तबकात दोन डोळे. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. भाची हसली, पण उभी राहिली. शिवणकाम करणाऱ्या पोरींचीही ती पाठराखीण, असं तिनं रांगेत सांगितलं, आणि मला आई आठवली. तुळशीबागेतल्या सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही म्हणून रागावणारी, आणि मग मला हाक मारून "ओव गं जरा" म्हणणारी.

देवळामागच्या ओवऱ्यांत तेरा हंस पाळलेत. शहराची दुसरी संतीण सांता एउलालिया तेराव्या वर्षी मारली गेली, म्हणून तेरा. एकही मोजू देईल तर शपथ. सारखे जागा बदलत होते.

पण मला बोलायचंय ते चित्रांबद्दल. साताऱ्यात, पुण्यात किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना आपण चित्रं म्हणतो, आणि इथल्या बाहुल्यांना दुसरा शब्द माझ्या तोंडात बसेना. टपऱ्यांच्या रांगाच्या रांगा चित्रांच्या. बाळ, मारिया, योसेफ, बैल आणि गाढव हे तर हवेतच, पण ते एका कोपऱ्यात. बाकी सगळी फळी गावानं भरलेली. मेंढी खांद्यावर घेतलेला धनगर. ओढ्यावर वाकून कपडे धुणारी बाई. विहिरीतून पाणी शेंदणारा. चेस्टनट भाजणारी म्हातारी. सूत कातणारी, पाव भाजणारा, गळ टाकून बसलेला मासेमार, कोंबड्यांना दाणे टाकणारी पोर. आणि डुकरं! यहुद्यांच्या बेथलेहेममध्ये डुकरं कुठून आली, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. कारण हे बेथलेहेम कॅटलोनियातलंच एक खेडं आहे. घरं इथल्या मळ्यातल्यासारखी, टोप्या इथल्या शेतकऱ्यांच्या, डोंगरावर कापसाचा बर्फ. आमच्या किल्ल्यावर नाही का, बुरुजाखाली ट्रॅफिक पोलीस असायचा आणि माचीवर क्रिकेटची अख्खी टीम?

असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 साली ग्रेच्चो नावाच्या इटलीतल्या गावात, गुहेत गवताची गव्हाण मांडून खराखुरा बैल नि गाढव बांधून नाताळ केला, तिथपासून या देखाव्यांची गोष्ट सांगतात. म्हणजे सुरुवातीला चित्रं नव्हतीच, गावच होतं. वसईत नाताळाचे गोठे होतात, गोव्यात होतात, ते मी पाहिलेत. पण चित्रांचा असा अथांग बाजार नव्हता पाहिला.

मापावरून फसवणूक कशी करायची हेही टपरीवाल्यानं दाखवलं. भाचीनं दुभाषाचं काम केलं. एकच धनगर तो पाच-सहा मापांत विकत होता. पुढे मोठा ठेवायचा, मागे डोंगरात जाताना लहान लहान करत न्यायचे. घरातल्या दोन फुटांच्या फळीवर कोसभराचं अंतर दिसतं. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आमच्या किल्ल्यावर गवळण नेहमी दरवाजापेक्षा उंच असायची. दादाला ते खटकायचं. तो म्हणायचा, ती दरवाज्यातून आत जाणार कशी? मी म्हणायचे, तिला जायचंच नाहीये.

तीन राजांची मौज वेगळीच. ते उंटांवरून येणारे, पण नाताळाला पोहोचत नाहीत. ते दूर, फळीच्या टोकाला ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवायचे. 6 जानेवारीला गुहेपाशी यायला हवेत. मुलांना मोठ्या भेटी त्याच दिवशी मिळतात. म्हणजे घरातली पोरं रोज सकाळी राजांना बोटभर ढकलत असणार आणि घाईची पोरं दोन बोटं.

एका टपरीपाशी मात्र मी थबकले. फळीवर ओळीनं उकिडवे बसलेले लोक. लाल टोपी, पांढरा सदरा, कमरेला पट्टा, तोंडात चिरूट नाहीतर चिलीम, आणि विजार खाली. मागून पाहिलं तर काही शंकाच उरू नये अशी व्यवस्था. त्याचं नाव कागानेर, यातला शेवटचा 'र' लिहितात पण म्हणत नाहीत. शब्दाचा अर्थ मराठीत एका क्रियापदात सांगता येतो, पण माझ्या आईनं तो लेखात लिहू दिला नसता. तेव्हा परसाकडे बसलेला म्हणू.

"हा कुठे ठेवतात?" मी विचारलं.

"देखाव्यातच."

"देवाच्या जन्माच्या देखाव्यात?"

"हो. पण समोर नाही. झाडामागे, खडकाआड. पाहुणी मुलं आली की त्यांनी तो शोधून काढायचा."

आडोसा. मला एकदम आजोळ आठवलं. शाळेच्या सुट्टीत आम्ही कोरेगावकडच्या खेड्यात जायचो. पहाटे मामी, मोठ्या बहिणी आणि मी टमरेल घेऊन ओढ्याच्या अंगाला. कुठली निवडुंगाची आळी कुणाची हे ठरलेलं असायचं. त्या आडोशाला बसून आकाशात शुक्र दिसायचा. गावाचं चित्र काढा म्हटलं की शाळेत आम्ही देऊळ, विहीर, पार, बैलगाडी काढायचो. पहाटेची ती रांग कधी कुणी काढली नाही.

कागानेर निदान अठराव्या शतकापासून या देखाव्यांत आहे. तो का आहे, याची उत्तरं टपरीवाल्याकडे तयार होती. तो जमिनीला खत देतो, म्हणून पुढच्या वर्षी पीक चांगलं येतं. तो असला तर घरात बरकत, नसला तर अपशकुन. भाचीचं उत्तर निराळं. ती म्हणाली, देव जन्माला आला त्या क्षणीही कुणाला तरी पोटात कळ आलेलीच असणार ना? या एका वाक्यासाठी तिचं तिकडचं महाग शिक्षण वसूल झालं असं मी तिच्या आईला फोनवर सांगितलं. आईला ते पटलं नाही.

हल्ली शेतकऱ्याच्या जोडीला बडी मंडळीही त्याच बैठकीत मिळतात. फुटबॉलपटू, वेगवेगळ्या देशांचे अध्यक्ष, इंग्लंडची राणी, पोप. सगळ्यांची विजार सारखीच खाली. आपल्याकडे कुणी असं करून बघावं. संध्याकाळपर्यंत टपरी शिल्लक राहायची नाही. इथे म्हणे ज्याचा कागानेर निघाला नाही तो अजून मोठा झालाच नाही असं समजतात. माझं मत विचाराल तर बडे लोक गमतीचे आहेत, पण त्यांना बघून हसू येतं आणि संपतं. त्या टोपीवाल्या शेतकऱ्याच्या तोंडावर जी तंद्री आहे, ती त्यांच्या तोंडावर नाही. ते फोटोसाठी बसलेत. हा खरंच बसलाय.

2005 साली बार्सिलोनाच्या नगरपालिकेनं आपल्या देखाव्यातून कागानेरला वगळलं. उघड्यावर शौचाला बसण्याविरुद्ध शहरात नुकताच नियम झाला होता, मग पालिकेच्याच चौकात असा माणूस कसा बसवायचा, असं त्यांचं म्हणणं. लोक भडकले, त्याला वाचवा म्हणून मोहीम निघाली, आणि पुढच्या वर्षी गडी पुन्हा आपल्या जागी बसला. ही हकिगत ऐकताना मी इतकी हसले की शेजारचं गिऱ्हाईकही हसायला लागलं, कशाला ते न कळता.

त्याच पालातल्या दुसऱ्या प्रकाराचं नाव तिओ. हा एक ओंडका. एका टोकाला रंगवलेलं हसरं तोंड, डोक्यावर तीच लाल टोपी, पुढे दोन काटक्यांचे पाय. बोटाएवढ्यापासून मांडीएवढ्यापर्यंत सगळी मापं. 8 डिसेंबरच्या सुमाराला त्याला घरात आणतात. थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात, रोज रात्री संत्र्याची सालं, पावाचे तुकडे खाऊ घालतात. सकाळी ताटली रिकामी असते. ती कोण रिकामी करतं हे आपल्याला माहीत आहे. आणि मग नाताळाच्या आदल्या रात्री नाहीतर नाताळाला सगळी पोरं काठ्या घेऊन त्या बिचाऱ्याला बडवतात आणि गाणं म्हणून सांगतात की बाबा, आता पोट मोकळं कर, तुर्रोन दे. (तुर्रोन म्हणजे बदाम-मधाची वडी. आपल्या चिक्कीची श्रीमंत मावसबहीण.) पांघरुणाखाली हात घातला की खाऊ. पुन्हा बडवा, पुन्हा खाऊ. शेवटी लसूण नाहीतर खारवलेला मासा निघाला की समजायचं, संपलं.

हे ऐकून मला गौरी आठवल्या. आपणही त्यांना आणतो, नेसवतो, जेवू घालतो, "जेवल्या का" विचारतो. बडवत नाही, एवढंच. पण भाचीनं सांगितलं की पूर्वी हा ओंडका शेवटी चुलीत जायचा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. थंडीतला ओंडका ऊब देतो, राख देतो, राख शेतात जाते. त्याच्याकडून मिळणारं सगळं पोटातूनच येतं. कागानेर नि तिओ हे सख्खे भाऊ निघाले. खतावर जगलेल्या लोकांची ही दैवतं आहेत, आणि खताची लाज बाळगून शेतकऱ्याचं चालत नाही.

हिरवाईच्या टपऱ्यांवर लाल फळांच्या काटेरी फांद्या, नीलगिरीच्या डहाळ्या, आणि पांढऱ्या मोत्यांसारख्या फळांचे जुडगे होते. ते जुडगे लोक हौसेनं घेत होते. दारावर टांगलं की वर्षभर नशीब उघडतं, त्यातून कुणी भेट दिलं तर आणखी चांगलं. मी नीट पाहिलं, पान हातात घेतलं, तशी ओळख पटली. हे तर बांडगूळ! आमच्या आंब्यावर येतं ते नव्हे, पण त्याच्याच गोतातलं. दुसऱ्याच्या फांदीवर मूळ रोवून रस पिणारं. आम्ही आयुष्यभर ते शिडी लावून तोडलं आणि ज्या नातेवाइकाला काम नाही त्याला ते नाव ठेवलं. आणि इथे लाल रिबीन बांधून विकतात. मी भाचीला एक जुडगा भेट दिला. आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही सग्रादा फमिलिया या प्रसिद्ध चर्चसमोरचा बाजारही पाहिला. तिथे पोरांसाठी खेळ होते, खाण्याचे ठेले होते, आणि वर मारियाच्या मनोऱ्यावरचा तारा. तो 8 डिसेंबर 2021 ला पहिल्यांदा उजळला. चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, इतके महाग की मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करायचा नाही अशी घेतलेली शपथ तिथेच मोडली. बाजार वाईट नव्हता. पण सालीपाशी उभे राहून डोंगर निवडणारे आजोबा तिथे नव्हते, आणि माझं मन कॅथेड्रलपाशीच राहिलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटीच पुन्हा तिथे गेले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पिकासोनं काढलेल्या आकृत्या आहेत, रेघांनी नाचणाऱ्या माणसांच्या. त्यांच्याखाली उभी राहून मी दोन चित्रं पारखली. एक कपडे धुणारी बाई घेतली, गुडघ्यांवर वाकलेली, बाह्या वर सारलेल्या. आणि एक शेतकरी कागानेर, सहा-सात सेंटिमीटरचा. टपरीवाल्यानं मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, त्यालाही माझं कळलं नाही. मी बोटांनी बाईचा आणि त्याचा आकार जुळवून दाखवला, त्यानं मान डोलावून फळीच्या मागच्या रांगेतला, बाईच्या मापाचा दिला.

जानेवारीत साताऱ्याला गेले तेव्हा दोन्ही चित्रं दादाच्या हातात ठेवली. वहिनीनं "शी! काय गं हे ताई" म्हणत पदर नाकाला लावला आणि मग चष्मा लावून पुन्हा बघितलं. दादा इतिहासाचा मास्तर, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी वर्ग सुटलेला नाही. त्यानं कागानेर उलटासुलटा करून पाहिला आणि लगेच मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांवर गेला. आज्ञापत्रात गडाच्या बाबतीत काय लिहिलंय, ठाऊक आहे का तुला? गडावर केर पडू द्यायचा नाही. तो खाली टाकायचाही नाही. जागच्या जागी जाळून राख परसात घालायची आणि घरोघर भाजीपाला करायचा. रायगडावर शौचकूप आहेत, तुला दाखवले होते मी, तू तेव्हा पिठलं-भाकरीकडे पळालीस. अरे, गडावर शिबंदी राहायची, ती काय वाऱ्यावर जगायची?

"म्हणजे दिवाळीत किल्ल्यावर ठेवणार तू याला?"

"छे," दादा म्हणाला. "महाराज असतात वर. काहीतरीच काय." आणि त्यानं ते चित्र पुस्तकांच्या कपाटात, मागच्या ओळीत ठेवलं.

किल्ला आता दादाचा नातू करतो, वय वर्षं नऊ. भाऊबीजेला मी गेले तेव्हा अंगणात हळीव चांगला बोटभर वाढला होता. या वर्षी प्रतापगड होता, माची-बालेकिल्ला सगळं जागच्या जागी, कारण आजोबा नकाशा घेऊन उभे. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. खाली आरशाच्या तुकड्याचं तळं आणि तळ्याकाठी माझी परदेशी धुणारी बाई. शेजारच्या कुंभारवाड्यातल्या गवळणीपुढे ती अगदी किरकोळ दिसत होती. मी कौतुक करून वळणार, तर नातवानं माझा पदर धरला.

"आत्या आजी, अजून एक आहे. शोध."

मी वाकून बघितलं. तटाखाली नाही, मेटावर नाही, गुहेत वाघ होता. शेवटी गडाच्या बाहेर, पार पायथ्याशी, गोणपाटाच्या मागच्या घडीत, हळिवाच्या दाट झुडपाआड लाल टोपीचं टोक दिसलं. महाराजांकडे पाठ होती, गावाकडेही पाठ होती. पुढे मोकळं माळरान, म्हणजे अंगणाची फरशी.

"आजोबांना माहितीये?"

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही. मी गवत बाजूला केलं. त्याच्या उजव्या हाताशी, हात लांबवला की पोहोचेल अशा अंतरावर, पोरानं शाडूचं एक इवलंसं टमरेल करून ठेवलं होतं.